चोविसाव्या वचनातला भाऊ

प्रश्न असा आहे: त्या वचनात ज्याला भाऊ म्हटले आहे, तो नेमका कोण?

वचन नव्या कराराच्या पहिल्याच पुस्तकातले, पाचव्या अध्यायातले, चोविसावे. ते एकटे वाचले तर अपुरे वाटते, कारण वाक्याचा पूर्वार्ध तेविसाव्या वचनात आहे. दोन्ही मिळून आशय असा: तू आपले अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण वाहा. शब्द माझे आहेत, आशय मूळचा.

यातल्या दोन गोष्टी पहिल्या वाचनातच कळतात. दुखावलेला आहे तो भाऊ, अर्पण आणणारा नव्हे. आणि उठून जायचे आहे ते अर्पण आणणाऱ्याने. तिसरी गोष्ट मात्र वचन सांगत नाही. हा भाऊ एका आईचा, की एका चर्चमध्ये शेजारी बसणारा? या तिसऱ्या गोष्टीचे उत्तर मी विसाव्या वर्षी सांगलीत बसून चार पानांत लिहिले. त्याला वर्गात पहिला क्रमांक मिळाला. ते उत्तर मुळात माझ्या वडिलांनी मागितले होते, हे क्रमांक देणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

आबा साताऱ्यात मिशनच्या मुलींच्या शाळेत माळी होते. आई तिथल्याच वसतिगृहात स्वयंपाकाला होती. त्यामुळे मी शिकले. आबांचे मूळ गाव मेढ्याच्या पुढे, डोंगराच्या पोटात. आमची वस्ती गावकुसाबाहेरची, आणि वस्तीकडे गावाची येसकरकी असे. येसकरकी म्हणजे वेशीवर पहारा करायचा, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढे धावायचे, कोणी मेले की गावोगाव वर्दी द्यायची. त्याची खूण म्हणजे घुंगरे लावलेली काठी. मोबदल्यात घरटी भाकरी आणि सुगीला धान्य. हे काम वस्तीतल्या घरांत वाटलेले होते. आमच्या घराच्या वाट्याची पाळी एक वर्ष आबांची आणि एक वर्ष त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या चुलत्याची, अशी ठरलेली होती.

आबा विशीत असताना साताऱ्याला आले, ख्रिस्ती झाले आणि परतले नाहीत. चुलता गावीच राहिला. दोघांत भांडण असे झाले नव्हते. मग मी नऊ वर्षांची असताना आजी गेली. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या चार गृहस्थांनी, आबांना बजावून सांगितले की मातीला जाता येईल, दहाव्याला जेवता येणार नाही. जेवलात तर चर्चमध्ये भाकर आणि प्याला फिरतो त्या प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवू. आबांनी आईला माती दिली आणि दहाव्याला पानावरून उठले. चुलता तेव्हा म्हणाला, "आईच्या नावाची भाकरी तुला चालत न्हाई, तर माझी कशापायी चालंल?" त्यानंतर अकरा वर्षे दोघे भेटले नाहीत. भावाच्या मनात आपल्याविषयी जे आहे ते हेच, असे आबा समजून होते. आम्हीही तसेच समजत होतो.

आता आबांनी ते उत्तर मागितले त्या रविवाराकडे येते. युद्धाची वर्षे होती. रॉकेल चिठ्ठीवर मिळे आणि कापड मिळतच नसे. तरीही सुगीनंतरची उपासना आमच्याकडे थाटाने होई. प्रत्येकाने आपल्या पिकातले, परसातले पहिले काही आणायचे, ओळीने पुढे जाऊन वेदीच्या पायरीवर ठेवायचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. भोपळे, अंडी, पायली पायली भात, पाय बांधलेल्या कोंबड्या. आबा शाळेच्या विहिरीमागच्या तुकड्यात घेवडा करत आणि दरवर्षी त्याच्या वाळल्या दाण्यांची एक टोपली नेत. मी दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून आले होते आणि आईशेजारी बायकांच्या बाजूला बसले होते.

अर्पणे सुरू होण्याआधी साताऱ्याचे पाळक दरवर्षी हेच वचन वाचत. इतक्या वर्षांत ते कोणाला ऐकू येईनासे झाले होते. आबांनाही आले नसते. पण आदल्या बाजाराच्या दिवशी गावाकडचा एक माणूस त्यांना भेटला होता आणि बोलता बोलता म्हणाला होता, "तुमचा भाऊ लय खोकतुया. काठीबी धरवंना आताशा."

आबांची पाळी आली. ते पायरीपर्यंत गेले आणि टोपली हातात घेऊन उभेच राहिले.

"ठेवा," पाळक म्हणाले.

"ठेवली तर जायला लागतंय साहेब. आत्ता तुमीच वाचलंसा. माझा भाऊ हाय गावाकडं. त्याच्या मनात हाय माझ्याबद्दल."

मागून मंडळीचे एक वडील म्हणाले, "अहो, पुढं सरका. कोंबड्या तडफडायला लागल्यात इथं."

बाके हसली. पाळकांनाही थोडे हसू आले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "इथे भाऊ म्हणजे मंडळीतला भाऊ, असे बहुतेक मानतात."

"बहुतेक म्हंजी किती?" आबांनी विचारले. यात थट्टा नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते.

पाळकांनी पुस्तक मिटले. मग त्यांची नजर बायकांच्या बाजूला माझ्यावर आली. "तुमची मुलगी सांगलीला हेच शिकते आहे. तिला नीट पाहू द्या. ती सांगेल तसे करा."

आबा टोपली घेऊन मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, परत आले. मला त्या वेळी त्यांची लाज वाटली. कौतुक वाटायला हवे होते. त्या सबंध चर्चमध्ये वाचलेले वचन ऐकणारा तो एकच माणूस होता.

पाळकांनी हा निवाडा माझ्यावर का ढकलला, हे मला पुष्कळ उशिरा समजले. भाऊ म्हणजे सख्खा भाऊ, असे ते म्हणाले असते तर आबांनी त्याच दिवशी मेढ्याची मोटर धरली असती. आजारी भावाच्या घरी गेलेला माणूस जेवल्याशिवाय परतत नाही. मग मंडळीच्या वडिलांचा नियम आणि वाचलेले वचन समोरासमोर आले असते, आणि मध्ये पाळकांना उभे राहावे लागले असते. त्यांनी माझ्या शिक्षणाचा मान राखला, असे मी तेव्हा धरून चालले.

घरी आल्यावर आईने टोपलीकडे पाहिले आणि मला म्हणाली, "देवानं माघारी धाडलेला घेवडा आपुन खायचा का न्हाई, एवढं आधी तुझ्या बुकात बघ."

"त्याला हात लावू नगा," आबा म्हणाले.

"मी कशाला लावतीया? देवाचा घेवडा हाय, देवानंच राखावा. किडं मी राखीत न्हाई."

संध्याकाळी झाडांना पाणी घालून झाल्यावर आबा माझ्याजवळ येऊन बसले. "मास्तरीणबाई, त्यो भाऊ म्हंजी कोण गं? माझा, का मंडळीतला?"

मी म्हणाले, "आबा, असे एकदम सांगता येत नाही. पद्धतीने पाहावे लागते."

"किती दिस लागतील?"

"एक महिना तरी."

"महिना म्हंजी लय झालं की." मग म्हणाले, "बरं. बघ. नीट बघ."

मेढ्याला मोटर रोज जात होती. ते कोणालाही न विचारता जाऊ शकत होते. पण सगळ्यांपुढे, ती सांगेल तसे करा, असे पाळक म्हणाले होते आणि आबांनी मान हलवली होती. शिकलेल्या माणसाच्या हाती एकदा निर्णय दिला की तो परत मागायचा नाही, अशी त्यांची समजूत होती.

सांगलीला आमच्या अध्यापिका विद्यालयात शनिवारी दुपारी पवित्रशास्त्राचा तास असे. शिकवणारे गुरुजी निवृत्त पाळक होते, अतिशय काटेकोर. प्रत्येक तासाला ते फळ्यावर तीन प्रश्न लिहीत: कोण बोलतो आहे, कोणाशी, आणि मागेपुढे काय आहे? माधवनगरच्या गिरणीचा भोंगा झाला की खडू खाली ठेवत; वाक्य अर्धे असले तरी ते पुढच्या शनिवारी पुरे होई. मला ही शिस्त आवडे. मी नंतर आयुष्यभर मुलींना तीच शिकवली.

गुरुजींकडे एक जाड शब्दसूची होती. कोणता शब्द शास्त्रात कुठे कुठे आला आहे, हे तीत सापडे. मी ती मागून घेतली, फूलस्केप कागदावर उभे रकाने आखले आणि 'भाऊ' हा शब्द नव्या करारात जिथे जिथे आला आहे ती सारी स्थळे एकेक करून पाहू लागले. कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, रक्ताचा की विश्वासातला. तीन आठवडे हे काम चालले. प्रेषितांनी मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांमध्ये तर हा शब्द पानोपानी आहे, आणि तिथे जवळजवळ सर्वत्र त्याचा अर्थ विश्वासातला सोबती असाच आहे. रकाना भरत गेला तसा मला आनंद होत गेला. उत्तर एका बाजूला झुकते आहे हे दिसू लागले की विद्यार्थ्याला जो आनंद होतो, तो.

शेवटी मी निष्कर्ष लिहिला: या वचनातील भाऊ म्हणजे मंडळीतील बंधू होय, रक्ताचे नाते येथे अभिप्रेत नाही.

हे वाक्य लिहिताना माझ्या कानात घुंगरांचा आवाज होता. तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे लेखन पूर्वीच्या चार पानांइतकेच निरुपयोगी होईल.

आजी गेली तेव्हा त्या मरणाची वर्दी साताऱ्यापर्यंत घेऊन चुलता स्वतःच आला होता. ती काठी हातात घेऊन तो शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. मधली सुट्टी होती. काठी हलली की घुंगरे वाजत, आणि मुली हसत. एकीने विचारले, "हा कोणाचा नंदीबैल गं?" मी धुण्याच्या दगडांमागे जाऊन बसले आणि आबा त्याला घेऊन निघून जाईपर्यंत उठले नाही. स्वतःच्या आईच्या मरणाची बातमी आणणाऱ्या माणसाला मी पाणीसुद्धा दिले नाही. पुढे सांगलीच्या वसतिगृहात कोणी विचारले तर मी, आमची साताऱ्याला बाग आहे, असे सांगत असे. वाक्य खोटे नव्हते, बाग होतीच. येसकर चुलता मात्र त्या बागेत कुठे बसत नव्हता. रक्ताचे नाते अभिप्रेत नाही, असे शास्त्रात सापडले तेव्हा मला हायसे वाटले. या हायसे वाटण्याचा उल्लेख माझ्या चार पानांत कुठेही नाही. गुरुजींच्या तीन प्रश्नांना जोडून चौथा प्रश्न हवा होता: अर्थ लावणाऱ्याला काय हवे आहे?

एक प्रत मी गुरुजींना दिली, एक आबांना टपालाने पाठवली. साताऱ्याच्या पाळकांना ती इतकी पसंत पडली की त्यांनी ती उपासनेत वाचून दाखवली. पुढच्या रविवारी आबांनी टोपली नेऊन पायरीवर ठेवली. त्याआधी आईने घेवडा तीनदा पाखडला होता, कारण देवाने तो राखला नव्हता. एकट्या त्या टोपलीच्या लिलावात घेवडा त्याच कोंबड्यांवाल्या वडिलांनी घेतला. पाळकांनी मला कार्ड लिहिले: निर्णय स्पष्ट झाला, अर्पण स्वीकारले. त्याखाली कोपऱ्यात आबांची एक ओळ होती. त्यांना जेमतेम लिहिता येई. "कागद पोचला. ठीक." मी ते कार्ड मैत्रिणींना दाखवले, अंगठा ठेवून शेवटची ओळ झाकत, कारण तिचे अक्षर वाकडे होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्यात असताना चुलती आली. ती वसतिगृहाच्या मागच्या दाराशी येऊन बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढून. आबा झारीने रोपांना पाणी घालत होते. त्यांनी तिला ओळखले, पण ती का आली असेल ते त्यांच्या लक्षात आले नाही.

"भावजी," ती म्हणाली, "त्येंची माती झाली. आज चौथा दिस."

आबांनी झारी खाली ठेवली. ती सरळ राहील अशी, काळजीपूर्वक ठेवली. "कशानं?"

"खोकल्यानंच. पर शेवटापतुर काठी सोडली न्हाई. ह्ये साल तुमचं हुतं न्हवं का."

"माझं? कसलं?"

"पाळी. एक साल त्येंचं, एक साल तुमचं. तुमच्या सालाला वेशीत उभं ऱ्हायलं की सांगत, दादाची काठी धरलीया. समद्या गावाला ठावं हाय."

"मी तर कवाच सोडली ती."

चुलतीने पदर मागे सारला आणि त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिले. "सोडली म्हनायला आलासा कवा? चार पंचांपुढं यायचं, सोडली म्हनायचं, काठी भावाच्या हातात द्यायची. मग ती त्येच्या नावावर लागतीया. न्हाईतर जल्मभर राबलं तरी ऱ्हातंय तुमच्याच नावावर. त्ये म्हनायचं, माझं दादावर एवढंच हाय. यावं आन मला मोकळं करावं."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने विचारले, "आन दहाव्याचं? जेवलं न्हाईत त्येचं?"

"त्येचं काय एवढं? साळंतल्या बाईनं नेम घातला असंल तर बिचारं काय करंल, असं म्हनून कवाच सोडून दिलं त्येनी."

शाळेतल्या बाईचा नेम नव्हता तो, पण तेवढा फरक आता कोण सांगणार? आबांनी खाली मान घातली. अकरा वर्षे आम्ही ज्याला भावाच्या मनातला सल समजत होतो, तो त्याच्या मनात नव्हताच. जो होता तो एका फेरीने आणि एका शब्दाने निघाला असता. वचनाने जा म्हटले आहे, त्याचे हे एक कारण मला त्या दिवशी समजले. भावाच्या मनात काय आहे ते घरी बसून कळत नाही. ते त्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

मग चुलतीने येण्याचे कारण सांगितले. धरणारा मेला आणि नाव ज्याचे तो गावात नाही, म्हणून आबांचे वर्ष पंच दुसऱ्या घराला देणार होते. तिच्या मुलाकडे फक्त बापाचे वर्ष उरणार होते. "एक साल भाकरी, एक साल न्हाई," ती म्हणाली. "आता तरी चला. दहाव्याला समदे जमतील."

आबा आत गेले, पटका बांधून बाहेर आले. मी म्हणाले, "आबा, जा. पण जेवू नका. मंडळीचे वडील पुन्हा काढतील विषय."

"तुझ्या कागदात काय लिवलंय त्ये मला पाठ हाय," आबा म्हणाले, आणि चुलतीच्या मागून मोटरच्या नाक्याकडे चालू लागले.

ते दहाव्याला जेवले. पंचांपुढे उभे राहून, सोडली, असेही म्हणाले. पंचांनी ऐकून घेतले आणि एकजण म्हणाला, "आता सोडून काय उपेग? धरणारा हात गेला." वर्ष दुसऱ्या घराला गेले. काठी आबांनी हातात घेतली की नाही, हे मी कधी विचारले नाही.

साताऱ्यात मंडळीच्या वडिलांची बैठक झाली. आबांनी काही लपवले नाही. विचारण्याआधीच सांगितले की दोन वेळा जेवलो, पोटभर जेवलो. पुढच्या सुगीपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचे ठरले. निर्णय लिहिताना माझ्या चार पानांचा आधार घेतला गेला: भाऊ म्हणजे मंडळीतील बंधू हे स्पष्ट झालेच आहे, तेव्हा गावी जाण्यास शास्त्राची आज्ञा होती असे म्हणता येणार नाही. इतक्या नेटक्या रीतीने माझे शिक्षण माझ्या बापाच्या विरुद्ध वापरले गेले. ज्यांनी ते केले त्यांच्यावर मी पुष्कळ वर्षे राग धरला. पण कागद तर मीच लिहिला होता.

भाकर आणि प्याला फिरे तेव्हा आबा शेवटच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसत. तशा एका रविवारी घरी परतताना मी त्यांना म्हणाले, "आबा, माझे चुकले."

"न्हाई गं," ते म्हणाले. "कागद चांगला हुता. लय कष्ट घेतलंस. पर मी इचारलं त्ये त्यात न्हवतं."

"तुम्ही काय विचारले होते?"

"जाऊ का, एवढंच."

त्यानंतर त्यांनी मला कोणत्याही वचनाचा अर्थ विचारला नाही. बंदी उठल्यावर ते मेजापाशी जाऊ लागले, पण सुगीच्या उपासनेला टोपली पुन्हा आणली नाही. घेवडा ते गोणीत घालून मेढ्याला नेत. चुलती नाक्यावर येऊन गोणी घेई. घरी चला, असे ती कधी म्हणाली नाही, आणि तेही त्याच मोटरने माघारी येत.

मी शिक्षिका झाल्यावर दोन वर्षांनी एका कामासाठी सांगलीला गेले आणि गुरुजींना भेटले. माझी चार पाने ते दर नव्या वर्गाला नमुना म्हणून वाचून दाखवत होते. मी घडलेले सांगितले आणि पाने परत मागितली.

"व्याख्या निर्दोष आहे," गुरुजी म्हणाले. "तुमच्या घरी जे झाले ते दुःखद आहे, पण ते व्याख्येच्या बाहेरचे आहे."

"ती व्याख्या घरासाठीच केली होती, गुरुजी."

"मग तसे वर लिहायला हवे होते," ते म्हणाले, आणि पाने कपाटात ठेवून दिली.

ती निर्दोष नव्हती. आज मी ती तपासायला घेतली तर फार गुण देणार नाही. कारणे सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

मी शब्दसूचीतून सगळीकडे हिंडले, पण आदल्याच पानावर थांबले नाही. चौथ्या अध्यायात, समुद्राच्या काठी, आधी दोन भाऊ बोलावले जातात आणि मग आणखी दोन. दुसरे दोघे आपल्या बापाबरोबर होडीत जाळी नीट करत असतात. हे सख्खे भाऊ आहेत, याविषयी कोणाचेही दुमत नाही. पान उलटले की गुरू डोंगरावर बसून बोलू लागतो आणि शिष्य जवळ येतात. ज्याचा सख्खा भाऊ शेजारी बसला आहे, त्याने भाऊ हा शब्द ऐकून काय समजावे? माझ्या रकान्यात ही दोन स्थळे आलीही होती. पत्रांतल्या गर्दीपुढे ती मला थोडी वाटली. पण पत्रे नंतरची आहेत. डोंगरावर बोलणे चालू होते तेव्हा मंडळी नव्हती, मंडळीचे वडील नव्हते, आमचे चर्च तर नव्हतेच. नंतरच्या वापराने आधीच्या बोलण्याचा अर्थ लावला, ही चूक मी चौथीतल्या मुलीला करू देत नाही.

दुसरे असे की मागेपुढे वाचा, हा नियम मी फळ्यावरून उतरवून घेतला आणि मोडला. आमच्या छापील धड्यात हा भाग सव्विसाव्या वचनाशी संपत होता, म्हणून सलग वाचताना मीही तिथेच थांबले; पुढची स्थळे माझ्या रकान्यात नुसते आकडे होऊन राहिली. तोच अध्याय पुढे सत्तेचाळिसाव्या वचनात विचारतो की तुम्ही केवळ आपल्या भावांनाच सलाम केलात तर त्यात विशेष ते काय? म्हणजे भाऊ शब्दाचा अर्थ मी लावला तितका अरुंद धरला, तरी बोलणारा ऐकणाऱ्याला तिथे थांबू देत नाही.

आणि सर्वांत मोठी चूक यांपैकी कुठल्याच रकान्यात बसत नाही. समजा, माझा अर्थ बरोबर होता. भाऊ म्हणजे मंडळीतलाच. तरीही ते वचन एकाकडे जा असे सांगते. दुसऱ्याकडे जाऊ नको, असे कुठेही सांगत नाही. जाण्याच्या आज्ञेतून मी न जाण्याची परवानगी काढली. ती परवानगी वचनाला नको होती, आबांनाही नको होती. ती मला हवी होती, त्या फाटकाशी वाजलेल्या घुंगरांपासून दूर राहायला.

तेव्हा प्रश्नाचे माझे आजचे उत्तर: त्या वचनातला भाऊ म्हणजे ज्याच्या मनात आपल्याविषयी काही आहे आणि ज्याची आपल्याला वेदीपाशी आठवण होते, तो. आबांना तो पायरीपाशीच आठवला होता. त्यापुढे तपासण्यासारखे काही उरले नव्हते.

पण माझे एक उत्तर चुकले आहे, म्हणून याही उत्तरावर विसंबू नये. पुस्तक बहुतेक ठिकाणी मिळते. चौथ्या अध्यायाच्या अठराव्या वचनापासून पाचव्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या वचनापर्यंतचा भाग वाचकांनी स्वतः वाचावा, आणि मी म्हणते ते तिथे आहे की नाही हे तपासून पाहावे, एवढी विनंती आहे.